हजार धावा, पण चेंडू टाकणार कोण? १९३० चे फिलाडेल्फिया फिलीज

सामन्यागणिक सरासरी सहा धावा काढणारा संघ शेवटच्या क्रमांकावर कसा राहतो? अमेरिकी बेसबॉलच्या इतिहासात या प्रश्नाचे सर्वांत ठसठशीत उत्तर १९३० च्या हंगामात, फिलाडेल्फिया शहरातल्या एका मोडकळीला आलेल्या मैदानावर मिळाले.

मैदानाचे नाव बेकर बोल. उजव्या बाजूची भिंत बॅटरपासून अवघ्या २८० फुटांवर होती. क्रिकेटच्या सवयीच्या डोळ्यांना ही सीमारेषा लांबच वाटेल. पण बेसबॉलमध्ये बॅटर गोल बॅट पूर्ण ताकदीने फिरवतो आणि तिथे हे अंतर म्हणजे घराच्या अंगणाएवढे. म्हणून ती भिंत उंच करण्यात आली होती. वर लावलेल्या जाळीसह तिची उंची ६० फूट भरत असे. भिंतीला पत्रा ठोकलेला असल्याने चेंडू आदळला की आवाज सगळ्या मैदानभर घुमे.

या भिंतीवर एका साबणाची प्रचंड जाहिरात होती. साबण भारतीय घरांतही पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा: लाइफबॉय. जाहिरात सांगे, फिलीज लाइफबॉय वापरतात. एका रात्री कोणा वैतागलेल्या चाहत्याने भिंतीपाशी जाऊन त्याखाली रंगाने भर घातली, ‘तरीही त्यांची घाण जात नाही’, अशी कथा फिलाडेल्फियात अजून सांगितली जाते. कथेत मीठमसाला किती, हे बाजूला ठेवले तरी त्या चाहत्याचा संताप खरा होता, आणि तो आकड्यांतूनही दिसतो.

त्या वर्षी फिलीजने ५२ सामने जिंकले आणि १०२ गमावले. आठ संघांच्या नॅशनल लीगमध्ये आठवा क्रमांक. आता फलंदाजीकडे पाहावे. साऱ्या संघाची बॅटिंग सरासरी .३१५ होती, म्हणजे दर हजार प्रयत्नांत ३१५ यशस्वी फटके. आज एखाद्या एकट्या खेळाडूने हंगामभर हा आकडा गाठला तरी त्याचे कौतुक होते. चक क्लाइनने .३८६ च्या सरासरीने ४० होमरन मारले आणि १७० धावा आपल्या फटक्यांवर संघाच्या खात्यात जमा केल्या. लेफ्टी ओडूलची सरासरी .३८३. तिसऱ्या बेसवरचा पिंकी व्हिटनी .३४२. संघाने हंगामात एकूण ९४४ धावा काढल्या.

आणि दिल्या ११९९.

विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून आजवर कोणत्याही मोठ्या लीगच्या संघाने एका हंगामात इतक्या धावा दिलेल्या नाहीत. पिचरच्या कामाचे मोजमाप ज्या आकड्याने होते तो ‘ईआरए’ म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुका वगळून, नऊ डावांमागे त्याने दिलेल्या धावा. फिलीजचा त्या वर्षीचा ईआरए ६.७१ होता. हाही विक्रम अद्याप अबाधित आहे आणि तो मोडण्याची हौस कोणालाच नसावी.

इथे थोडे थांबून पिचरचे काम समजून घेणे आवश्यक आहे, कारण सगळे दुखणे तिथेच आहे. क्रिकेटमध्ये एका टोकाचा गोलंदाज थकला तर दुसऱ्या टोकाकडून कोणी तरी असतोच. चार-पाच जण आलटून पालटून षटके वाटून घेतात. बेसबॉलमध्ये एक पिचर एका वेळी सलग सगळे चेंडू टाकतो. शंभराहून अधिक वेळा तो संपूर्ण खांद्यानिशी हात फिरवतो आणि त्यानंतर त्या हाताला काही दिवसांची विश्रांती लागते. हंगाम मात्र थांबत नाही. १५४ सामने, जवळजवळ रोज एक, कधी एकाच दिवशी दोन. म्हणून एक उत्तम पिचर पुरत नाही. चार चांगले हवेत, आणि त्यांच्यापैकी एखादा लवकर कोलमडला तर डाव सांभाळणारे आणखी दोन-तीन. तीस सालात आजच्यासारखे खास बदली पिचरही नव्हते. आज अपयशी ठरलेला मुख्य पिचर परवा दुसऱ्याच्या जागी उतरत असे. फळीत खोली नसेल तर तीच थकलेली माणसे पुन्हा पुन्हा पुढे येत राहतात.

फिलीजकडे फिल कॉलिन्स हा एक खरा पिचर होता. त्याने १६ सामने जिंकले, ११ गमावले, ईआरए ४.७८. रे बेंजने ११ जिंकून १५ गमावले. त्यापुढे जमीनच नव्हती. लेस स्वीटलंड ७ विजय, १५ पराभव, ईआरए ७.७१. हॅल एलियट ६ आणि ११, ईआरए ७.६७. क्लॉड विलोबी ४ आणि १७, ईआरए ७.५९. चाहत्याने तिकीट काढायचे, क्लाइनचा चेंडू पत्र्यावर धाडकन आदळलेला पाहायचा, उभे राहून टाळ्या वाजवायच्या आणि नंतर समोरच्या संघाचे चेंडू त्याच भिंतीवर त्याहून अधिक वेळा आदळताना ऐकत बसायचे.

जुलैतले दोन दिवस तर पुराव्यादाखल ठेवण्यासारखे आहेत. २३ जुलैला फिलीजने पिट्सबर्गविरुद्ध १५ धावा काढल्या आणि १६-१५ असे हरले. दुसऱ्या दिवशी शिकागो कब्जविरुद्ध पुन्हा १५ धावा काढल्या आणि १९-१५ असे हरले. दोन दिवसांत तीस धावा, हाती शून्य.

संघाच्या बाजूने एक सबब मांडता येते, आणि ती खोटी नाही. १९३० हे सगळ्याच पिचरांसाठी काळे वर्ष होते. चेंडू इतका उसळता होता की अख्ख्या नॅशनल लीगची बॅटिंग सरासरी .३०३ झाली. हॅक विल्सनने ५६ होमरन मारले, बिल टेरीने .४०१ ची सरासरी गाठली. पुढच्याच वर्षी लीगने चेंडूचे आवरण जाड आणि शिवण उठावदार केली, ती याच कारणाने. भिंतही जवळ होती. परंतु लीगचा सरासरी ईआरए ४.९७ असताना फिलीजचा ६.७१ होता, आणि त्याच चेंडूने ब्रुकलिनच्या डॅझी व्हान्सने २.६१ साधला. चेंडू आणि भिंत यांनी धावा वाढवल्या हे खरे. त्या थोपवणारे हात संघात नव्हते हे त्याहून खरे.

ते का नव्हते, याचे उत्तर मैदानावर नाही, मालकाच्या हिशेबाच्या वहीत आहे.

विल्यम बेकर हे संघाचे मालक. मैदानाला त्यांचेच नाव होते. पूर्वी न्यूयॉर्क शहराचे पोलीस आयुक्त राहिलेल्या या गृहस्थांची ख्याती हात आखडता घेण्याबद्दल होती. भिंतीवर उंच जाळी लावली ती क्लाइनचे होमरन कमी व्हावेत आणि त्याला पगारवाढ मागता येऊ नये म्हणून, अशी कुजबूज त्या काळी होती. परंतु त्यांच्या कारभाराची खरी निशाणी ग्रोव्हर क्लीव्हलंड अलेक्झांडर या एका माणसाच्या आयुष्यात सापडते.

अलेक्झांडर १९११ साली फिलीजमध्ये आला आणि सात हंगामांत त्याने १९० सामने जिंकले. १९१५ मध्ये ३१ विजय आणि १.२२ असा ईआरए. त्याच वर्षी फिलीजने इतिहासात प्रथमच लीग जिंकली. पुढच्या दोन वर्षांत ३३ आणि ३० विजय. डिसेंबर १९१७ मध्ये बेकर यांनी त्याला, त्याच्या आवडत्या कॅचरसह, शिकागोला विकले. पन्नास हजारांहून अधिक डॉलर आणि दोन सामान्य खेळाडू एवढी त्याची किंमत झाली. महायुद्ध सुरू होते, अलेक्झांडर सैन्यात ओढला जाईल ही भीती होती, असे कारण दिले गेले. पैशांची गरज होती, हे बेकर यांनी पुढे स्वतःच कबूल केले.

अलेक्झांडर खरोखरच युद्धावर गेला. फ्रान्समध्ये तोफखान्यात राहून परतला तो कानाने अधू, फेफऱ्याने आणि दारूने ग्रासलेला. तरीही तो जिंकत राहिला. १९२६ च्या जागतिक मालिकेत, चाळिशीच्या उंबरठ्यावर, सेंट लुइसचा नायक ठरला. आणि १९३० साली, त्रेचाळिसाव्या वर्षी, त्याच फिलीजने त्याला पुन्हा आणले. नऊ सामने, तीन पराभव, एकही विजय नाही, ईआरए ९.१४. उन्हाळा भरात येण्यापूर्वीच त्याला निरोप देण्यात आला. ज्या हाताने तेरा वर्षांपूर्वी तीस-तीस सामने जिंकून दिले तो भर ताकदीत असताना विकायचा आणि झिजल्यावर परत बोलवायचा, यापरता दैन्याचा नमुना कोणता?

गरिबीला इतरही कारणे होती. पेनसिल्व्हेनियात रविवारी व्यावसायिक बेसबॉल खेळण्यास कायद्याने बंदी होती आणि ती १९३४ च्या हंगामापर्यंत उठली नाही. गिरणी-कारखान्यांच्या या शहरात कामगाराला ज्या दिवशी सुटी, त्याच दिवशी मैदानाला कुलूप. शिवाय मंदी सुरू झाली होती. मैदानही जुने, १९०३ मध्ये तिथला सज्जा कोसळून १२ जण मरण पावले होते. १९३० च्या संपूर्ण हंगामात फिलीजचे घरचे सामने पाहायला सुमारे तीन लाख माणसे आली.

मात्र रविवारची बंदी आणि मंदी या दोन्ही अडचणी त्याच शहरातल्या दुसऱ्या एका संघालाही होत्या. त्याच लीहाय ॲव्हेन्यूवर, थोडे चालत गेले की शाइब पार्क लागे. तिथे अमेरिकन लीगमधला फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स हा संघ खेळे आणि कॉनी मॅक नावाचे वृद्ध गृहस्थ कोट-टाय घालून त्याचे व्यवस्थापन करीत. त्यांच्याकडे लेफ्टी ग्रोव्ह होता: त्या वर्षी २८ विजय, ५ पराभव, ईआरए २.५४. ॲथलेटिक्सने १९३० ची जागतिक मालिका सलग दुसऱ्यांदा जिंकली. त्यांच्या मैदानावर सात लाखांहून अधिक प्रेक्षक आले. त्यांची हंगामातली कामगिरी होती १०२ विजय आणि ५२ पराभव, फिलीजच्या आकड्यांची तंतोतंत उलटी. एकाच रस्त्यावरचा हा आरसा फिलीजच्या चाहत्याला रोज सकाळी वर्तमानपत्रात दिसत असे.

डिसेंबर १९३० मध्ये बेकर वारले. त्याआधी ऑक्टोबरमध्ये ओडूलला ब्रुकलिनला देऊन बदल्यात पिचर घेण्यात आले होते, आणि त्यातला जंबो एलियट पुढच्या वर्षी १९ सामने जिंकून लीगमध्ये संयुक्त पहिला आला. संघ आठव्यावरून सहाव्या क्रमांकावर चढला. उपाय कोणता, हे इतके सरळ होते! पण तो टिकवायला पैसा लागे. सेंट लुइसच्या ब्रँच रिकी यांनी एव्हाना छोट्या गावांतले संघ विकत घेऊन त्यांत तरुण खेळाडू घडवण्याची पद्धत रुजवली होती. फिलीजपाशी तशी रोपवाटिका नव्हती. एखादा पिचर हाती लागे, मार खाता खाता तयार होई आणि तयार झाला की विकला जाई.

बकी वॉल्टर्स हा मुळात तिसऱ्या बेसवरचा खेळाडू. त्याला पिचर बनवले ते फिलीजनेच. १९३८ मध्ये त्याला सिनसिनाटीला विकले. १९३९ मध्ये त्याने तिथे २७ सामने जिंकले आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. क्लॉड पासो शिकागोला गेला. कर्बी हिग्बी एक लाख डॉलरला ब्रुकलिनला गेला आणि पहिल्याच हंगामात २२ विजय मिळवून त्या संघाच्या विजेतेपदाचा वाटेकरी झाला. इकडे फिलीजने १९३८ ते १९४२ अशी सलग पाच वर्षे शंभराहून अधिक सामने गमावले. १९४१ मध्ये तर १११. बेकर बोलवरचा शेवटचा सामना ३० जून १९३८ रोजी झाला. निकाल १४-१, अर्थात विरुद्ध. त्यानंतर संघ भाडेकरू म्हणून शाइब पार्कमध्येच राहायला गेला.

१९४३ मध्ये दिवाळखोर संघ लीगने ताब्यात घेतला, नव्या मालकाला विकला, आणि त्याच मालकाला आपल्याच संघावर पैजा लावल्याबद्दल वर्षअखेर हद्दपार केले. मग कारपेंटर कुटुंब आले. त्यांनी प्रथमच तरुण पिचरांवर सढळ हाताने पैसा लावला: १९४७ मध्ये कर्ट सिमन्स, १९४८ मध्ये रॉबिन रॉबर्ट्स. १९५० मध्ये, पस्तीस वर्षांनी, फिलीजने लीग जिंकली.

तीही कशी? सप्टेंबरमध्ये सिमन्सला लष्करी सेवेचे बोलावणे आले आणि फळी पुन्हा उघडी पडली. सात सामन्यांची आघाडी विरघळून एकावर आली. शेवटच्या दिवशी ब्रुकलिनविरुद्ध रॉबर्ट्सला पाच दिवसांत तिसऱ्यांदा उतरावे लागले. त्याने दहा डाव एकट्याने टाकले आणि डिक सिस्लरच्या होमरनने सामना वाचला. जागतिक मालिकेच्या पहिल्या सामन्यासाठी तर ताजा हातच उरला नव्हता. जिम कॉन्स्टंटी हंगामभर ७४ सामन्यांत केवळ बदली पिचर म्हणून खेळला होता. त्यालाच सुरुवातीला पाठवले. तो उत्तम खेळला आणि १-० असा हरला. यांकीजनी मालिका ४-० अशी घेतली.

त्याच वर्षी, त्याच शाइब पार्कमध्ये, ८७ वर्षांचे कॉनी मॅक आपला शेवटचा हंगाम चालवीत होते. ग्रोव्हला त्यांनी केव्हाच बोस्टनला विकले होते. ॲथलेटिक्स त्यांच्या लीगमध्ये शेवटचे आले: ५२ विजय, १०२ पराभव.