रामशेजला वेढा घालणाऱ्या मुघल फौजेत नेमकं कोण कोण होतं?

सायखेड्याहून नाशिक गाठायचं आणि तिथून पेठ रोडला लागायचं. आशेवाडीजवळ एक बेताच्या उंचीचा किल्ला दिसतो, तो रामशेज. या छोट्याशा किल्ल्याने औरंगजेबाच्या फौजेला वर्षानुवर्षं झुंजवलं, हे तुम्ही रील्समध्ये पाहिलंच असेल. पण ही फौज होती कुणाची, हे त्यात सहसा कुणी सांगत नाही.

वेढा का पडला?

१६८१ मध्ये औरंगजेबाचा मुलगा अकबर राजपुतांच्या मदतीने बापाविरुद्ध उठला. बंड फसलं, तेव्हा तो छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. त्याच वर्षी औरंगजेब स्वतः दख्खनेत उतरला आणि १६८२ मध्ये त्याची फौज रामशेजला येऊन भिडली.

फौजेत कोण होतं?

पहिला सरदार शहाबुद्दीन खान. तो तुराणी, म्हणजे मध्य आशियातला. त्याच्याच मुलाने पुढे हैदराबादची निजामशाही उभी केली. त्याला जमलं नाही म्हणून आला बहादूरखान कोकलताश, बादशहाचा दूधभाऊ. पुढे कासीमखान किरमाणी आला. किरमाण हे इराणातलं शहर.

यांच्याशिवाय मुघलांकडे अफगाण होते, राजपूत आणि बुंदेले होते, दख्खनी मुसलमान होते आणि मराठेही होते. त्यामुळे 'इकडे सगळे हिंदू, तिकडे सगळे मुसलमान' असं जे फॉरवर्ड फिरतं, ते काही खरं नाही.

मग एवढी फौज अडली कुठे?

मुघल इतिहासकार खाफी खान सांगतो की गडावर लोखंडी तोफाच नव्हत्या. मराठ्यांनी लाकडाच्या तोफा केल्या आणि वरून कातडं चढवलं. शहाबुद्दीनने पाचशे माणसं मावतील एवढा लाकडी दमदमा, म्हणजे उंच बुरूज उभारला, तोही वाया गेला. बहादूरखानाने एका बाजूला हल्ल्याचा देखावा करून दुसरीकडून गुपचूप माणसं चढवली, तर तिथे मराठे आधीच दबा धरून बसलेले. त्यात बाहेरून मराठ्यांच्या तुकड्या वेढ्यावर तुटून पडत होत्या त्या वेगळ्याच.

शेवटी नव्या किल्लेदाराला पैसे चारून रामशेज घेतला, असं सांगितलं जातं. १६८७ मध्ये बागलाणातला साल्हेरही किल्लेदार असोजीला फोडूनच मुघलांना मिळाला.

फोडाफोडी महाग कशी पडली?

फुटून आलेल्याला मनसब, म्हणजे दरबारातला दर्जा द्यावा लागे. त्यासोबत जहागीर आली. जहागिरीच्या महसुलातून मनसबदाराने ठरलेले घोडेस्वार बाळगायचे, असा नियम होता.

इतिहासकार एम. अतहर अली यांनी १६७९ ते १७०७ या काळातले एक हजारी आणि त्यावरचे ५७५ मनसबदार मोजले. त्यात ९६ मराठे होते, म्हणजे राजपुतांपेक्षाही जास्त. त्याआधीच्या वीस वर्षांत हाच आकडा २७ होता.

आता मनसबदार वाढले, पण वाटायला तेवढ्या जहागिरी आणायच्या कुठून? लोक वर्षानुवर्षं ताटकळत राहिले. ज्यांना दख्खनेत जहागीर मिळाली, त्यांना मराठ्यांच्या धामधुमीत वसुली करता येईना. वसुली नाही, म्हणून कागदावरचे घोडेस्वार मैदानात दिसेनात. नव्यांना मान मिळतोय म्हणून पिढ्यानपिढ्या चाकरी केलेली जुनी घराणी नाराज झाली, आणि नवे तरी कुठे टिकत होते? कित्येक जण संधी मिळताच परत मराठ्यांकडे गेले.

समरकंदपासून साताऱ्यापर्यंतची माणसं एका झेंड्याखाली आणणं, हीच मुघलांची ताकद होती. ती टिकायची ती वेळेवर मिळणाऱ्या उत्पन्नावर. दख्खनेत नेमकं तेच आटलं. विजापूर आणि गोवळकोंडा जिंकूनही युद्ध संपलं नाही आणि १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ वारला.

रामशेज मात्र आजही पेठ रोडला तसाच उभा आहे. पुढच्या वेळी गडावर गेलात, तर खालच्या माळावर कुठून कुठून आलेली माणसं तळ ठोकून बसली होती, तेही आठवा.