वाळूंतून उठलेली 'बॅब्ज'

वेल्स प्रांताच्या दक्षिण किनाऱ्यावर पेंडाइन नांवाचें एक लहानसें खेडें आहे. त्याच्यापुढें सुमारें ७ मैल लांबीचा सपाट वाळूचा किनारा पसरलेला आहे. ओहोटीच्या वेळीं समुद्र मागें सरला म्हणजे ओली वाळू घट्ट बसते, आणि तिच्यावरून एखाद्या बांधीव रस्त्याप्रमाणें वाहनें धांवूं शकतात. या किनाऱ्यावरील वाळूच्या टेकाडांत १९२७ सालीं एक मोटारगाडी मुद्दाम पुरण्यांत आली, आणि १९६९ सालीं ती पुन्हां उकरून काढण्यांत आली. गाडीचें नांव 'बॅब्ज'. मेलेल्या माणसाला पुरतात. पण यंत्राला कां पुरावें, आणि पुरलेलें यंत्र बेचाळीस वर्षांनीं वर कां काढावें? या दोन प्रश्नांचीं उत्तरें 'बॅब्ज'च्या चरित्रांत सांपडतात.

तिचा जन्म एका श्रीमंत तरुणाच्या हौसेंतून झाला. काउंट लुई झ्बोरोव्स्की हे इंग्लंडांतील केंट परगण्यांत हायम पार्क या वाड्यांत रहात असत. पहिलें महायुद्ध संपल्यावर विमानांचीं प्रचंड एंजिनें निरुपयोगी होऊन पडलीं होतीं. तीं मिळवावीं, मोटारीच्या सांगाड्यावर चढवावीं आणि शर्यतींत उतरवावीं, हा काउंटसाहेबांचा छंद होता. त्यांच्या 'चिटी बँग बँग' या गाड्यांचें नांव पुढें इयान फ्लेमिंग यांनीं थोड्या फरकानें आपल्या बालकथेस दिलें. याच मालिकेंतील सर्वांत मोठी गाडी म्हणजे 'हायम स्पेशल'. अमेरिकेंत १९१७ सालीं युद्धासाठीं निर्माण झालेलें बारा नळकांड्यांचें 'लिबर्टी' एंजिन तिच्यांत बसविलें होतें. त्याचें आकारमान २७ लिटर होतें. घरगुती मोटारीचें एंजिन बहुधा एक ते दोन लिटरांचें असतें, एवढें सांगितलें म्हणजे त्याच्या प्रचंडपणाची कल्पना येईल. गति बदलण्याची दांतेरी चक्रांची पेटी युद्धापूर्वींच्या एका बेंझ शर्यतीच्या गाडीची होती. एंजिनाची शक्ति मागच्या चाकांपर्यंत दोन सांखळ्यांनीं पोंचविलेली होती. परंतु या गाडीची पुरती परीक्षा होण्यापूर्वींच, १९२४ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत, इटलींतील मोंझा येथें दुसरीच गाडी चालवीत असतां काउंट अपघातांत मरण पावले. 'हायम स्पेशल' पोरकी झाली.

तिला दुसरा धनी मिळाला तो अगदीं निराळ्या घडणीचा. जे. जी. पॅरी टॉमस हे वेल्समधील रेक्सहॅमचे, एका धर्मोपदेशकाचे पुत्र. व्यवसायानें ते यंत्रशास्त्रज्ञ होते. लेलँड कंपनीचे मुख्य एंजिनिअर या नात्यानें त्यांनीं आठ नळकांड्यांची एक अत्यंत उंची मोटार निर्माण केली होती. ती १९२० सालीं लोकांपुढें आली. तिची वाखाणणी पुष्कळ झाली, पण खप मात्र थोडाच झाला. पुढें कंपनी सोडून त्यांनीं सरे परगण्यांतील ब्रुकलंड्स येथें शर्यतीच्या बांधीव मार्गाशेजारींच बिऱ्हाड थाटलें, आणि तेथेंच आपली कर्मशाळा उभारली. काउंटच्या मिळकतींतून ही पडून राहिलेली गाडी त्यांनीं अवघ्या १२५ पौंडांना विकत घेतली. श्रीमंताचें तें टाकून दिलेलें खेळणें त्यांनीं पहिल्यापासून तपासलें. स्वतःच्या रेखाटनाचे पिस्टन घातले, चार झेनिथ कार्ब्युरेटर बसविले, वरचें शरीर बदललें, आणि गाडीला 'बॅब्ज' हें घरगुती नांव दिलें. वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, 'बॅब्ज' ही मुळांतच एक जीर्णोद्धार केलेली गाडी होती.

त्या श्रमांचें फळ लवकरच मिळालें. १९२६ सालच्या एप्रिलच्या २७ तारखेस पेंडाइनच्या वाळूवर टॉमस यांनीं ताशीं १६९ मैलांहून अधिक वेग गांठला, आणि दुसऱ्याच दिवशीं तो १७१·०२ मैलांवर नेला. एक मैल अंतर सुमारें २१ सेकंदांत! वाऱ्याचा फायदा कोणास मिळूं नये म्हणून जातांनाचा आणि येतांनाचा वेग मोजून त्यांची सरासरी घेण्याचा नियम असतो. तो पाळून हा जगाचा विक्रम ठरला. पण विक्रम हें फार चंचल धन आहे. १९२७ च्या फेब्रुवारीच्या ४ तारखेस त्याच किनाऱ्यावर माल्कम कॅम्बेल यांनीं आपल्या 'ब्ल्यू बर्ड' गाडींतून ताशीं १७४ मैलांवर मजल मारली. महिना उलटण्याच्या आंतच टॉमस 'बॅब्ज' घेऊन पेंडाइनला परतले.

३ मार्च १९२७ रोजीं ताशीं शंभर मैलांहून अधिक वेगानें जात असतां गाडी ताब्याबाहेर गेली, उलटली आणि वाळूवर घसरत गेली. टॉमस यांच्या डोक्यास प्राणघातक जखमा होऊन त्यांचा अंत झाला. जमिनीवरील वेगाच्या विक्रमाच्या मागें लागून प्राण गमावणारे ते पहिले मोटारस्वार मानले जातात. त्यांचा देह सरे परगण्यांतील बायफ्लीट येथील स्मशानभूमींत विसांवला, आणि त्यांची गाडी पेंडाइनच्या वाळूंत पुरली गेली. त्याच महिन्याच्या २९ तारखेस हेन्री सीग्रेव्ह यांनीं अमेरिकेंत डेटोनाच्या किनाऱ्यावर ताशीं २०० मैलांची मर्यादा ओलांडली. ज्या आंकड्यासाठीं टॉमस यांनीं जीव दिला तो आंकडा महिनाभरहि टिकला नाहीं.

मात्र एक गोष्ट टिकून राहिली, आणि ती म्हणजे अपघाताची कथा. गाडीची उजवी सांखळी तुटली, चाबकासारखी उसळली आणि तिनेंच चालकाचें डोकें फोडलें, असें सर्वत्र सांगितलें जाऊं लागलें. कथा भयंकर होती, म्हणून ती कोणी विसरेना. सांखळीची रचना तेव्हां जुनाट ठरत चाललीच होती. त्यामुळें दोष तिच्याच माथीं मारणें सोपें गेलें. आडून त्याचा अर्थ असा होत होता कीं, टॉमस यांच्यासारख्या जाणत्या कारागिरानें ज्या रचनेवर भरंवसा ठेवला तिनेंच त्यांचा घात केला. हा आरोप खरा कीं खोटा, हें सांगणारी एकच साक्षीदार होती, आणि ती वाळूखालीं मुकी पडली होती.

पुढें किनाऱ्याचा तो भाग लष्करी खात्याच्या ताब्यांत गेला. बेचाळीस वर्षें लोटलीं. उत्तर वेल्समधील कॅपेल क्युरिग या डोंगरी गांवीं राहणारे ओवेन विन ओवेन हे बँगॉर येथील तांत्रिक विद्यालयांत यंत्रविद्या शिकवीत असत. 'बॅब्ज' वर काढून तिला पुन्हां चालती करावी असें त्यांनीं मनांत घेतलें. लष्करी खात्याची परवानगी हवी होती, तशीच टॉमस यांच्या आप्तांची संमतिहि हवी होती. शिवाय ही गोष्ट सर्वांना रुचण्यासारखी नव्हती. दुःखांत पुरलेली वस्तु पुन्हां उजेडांत आणणें म्हणजे पुरलेलें मढें उकरणेंच नव्हे काय, असें वाटणारेहि होते. ही शंका हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. ज्यांनीं ती गाडी पुरली त्यांनीं एका शूर माणसाच्या मृत्यूचा मान राखण्यासाठींच पुरली होती.

अखेर १९६९ सालीं खणतीला सुरुवात झाली आणि गाडी सांपडली. खाऱ्या ओल्या वाळूंत धातूंची काय दशा होते हें येथें समजून घेतलें पाहिजे. पातळ पत्र्याला गंज चढला म्हणजे तो आरपार खाल्ला जातो. पोलाद आणि अॅल्युमिनियम यांसारखे दोन निराळे धातु खाऱ्या पाण्यांत एकमेकांस चिकटून राहिले तर त्यांच्यांत विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते, आणि अॅल्युमिनियम आधीं झिजतें. उलट जाड पोलादी भागांचें वरचें अंग गेलें तरी गाभा शिल्लक राहूं शकतो. 'बॅब्ज'चेंहि तसेंच झालें होतें. तिच्या शरीराचा पत्रा बव्हंशीं नष्ट झाला होता. परंतु यंत्राचे कित्येक भाग पुन्हां उपयोगांत आणण्याजोगे निघाले.

ओवेन यांनीं हें काम घरच्या कर्मशाळेंत हातीं घेतलें. तें पुरें होण्यास सुमारें पंधरा वर्षें लागलीं! एवढा काळ कां, असें विचारणाऱ्यानें एकदां गंजून धरलेला एकच नट सोडवून पहावा. घाई करून हातोडा घातला तर जो भाग चाळीस वर्षें टिकला तो एका घावांत जातो. तेल मुरवावें, बेताची धग द्यावी, वाट पहावी, आणि पुन्हां प्रयत्न करावा, असें हें काम असतें. कुजलेला तुकडाहि फेंकतां येत नाहीं. कारण नवा भाग कोणत्या मापाचा घडवावा हें तोच सांगत असतो. ज्या गाडीसारखी दुसरी गाडी जगांत नाहीं, तिचे सुटे भाग कोणत्याहि दुकानांत मिळत नाहींत. ते मोजून, रेखाटून, घडवूनच घ्यावे लागतात.

आणि याच सावकाश तपासणींतून जुन्या कथेला धक्का बसला. सांखळीनें चालकाचा बळी घेतला या समजुतीला गाडीच्या अवशेषांत आधार सांपडला नाहीं. उजव्या बाजूचें मागचें चाक आधीं निकामी झालें असावें, त्यामुळें गाडी उलटली असावी, आणि टॉमस यांना प्राणघातक जखमा त्या उलटण्याघसरण्यांत झाल्या असाव्यात, असें अनुमान पुढें आलें. अनुमान तें अनुमानच. अर्ध्या शतकापूर्वींच्या क्षणाचा निर्णय कोणी शपथेवर देऊं शकत नाहीं. तरी पण ऐकीव कथेपेक्षां हातीं आलेल्या लोखंडाची साक्ष अधिक वजनदार असते. जुनें यंत्र चकचकीत करून मांडणें आणि त्याचा जीर्णोद्धार करणें यांतील अंतर हेंच आहे. रंग देणारा वरवर पहातो. जीर्णोद्धार करणारा प्रत्येक तुकडा कां मोडला याचा जाब त्या तुकड्यालाच विचारतो.

मग पुरणारे चुकले होते काय? तसें म्हणवत नाहीं. त्यांनीं ती वाळूच्या हवालीं केली नसती तर भंगाराच्या भावानें तिचे भाग चहूंकडे पांगले असते. ज्या रीतीनें ती इतर यंत्रांचे भाग घेऊन जन्मली त्याच रीतीनें ती विरून गेली असती. त्यांच्या दुःखानें तिला राखलें, आणि ओवेन यांच्या चिकाटीनें तिला वाचा दिली. नवा पत्रा, नवे भाग आल्यावर ती मूळचीच गाडी म्हणावी काय, हा प्रश्न तर्कशास्त्रज्ञांनीं खुशाल चघळावा. टॉमस यांनींहि काउंटच्या गाडीचें पुष्कळसें अंग बदललें होतें. ओवेन यांनीं तेंच व्रत पुढें चालविलें.

'बॅब्ज' पुन्हां स्वतःच्या शक्तीनें चालूं लागली. ज्या पेंडाइननें तिला पोटांत घेतलें होतें तेथील संग्रहालयांत आणि ब्रुकलंड्सच्या संग्रहालयांतहि ती लोकांच्या दर्शनासाठीं मांडण्यांत आली. ओवेन २०१२ सालीं निवर्तले. त्यांनीं वेगाचा कोणताहि विक्रम केला नाहीं; परंतु एका मृत कारागिराच्या कामावर लागलेला ठपका पारखून पहाण्यासाठीं आयुष्याचीं पंधरा वर्षें वेंचणें हा कांहीं लहानसा पराक्रम नव्हे.