चौलहून बिदरला

नागपूरहून उत्तरेकडे निघालेला रस्ता सावनेरला दुभंगतो. एक फाटा सौंसरवरून सातपुड्याचा घाट चढून छिंदवाड्यास जातो. दुसरा पांढुर्ण्यावरून मुलताईला, म्हणजे तापीच्या उगमाशी पोचतो आणि पुढे बैतुलची वाट धरतो. पहिल्याला आता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५४७ म्हणतात, दुसऱ्याला ४७. सौंसर आणि पांढुर्णा ही दोन्ही गावे मध्य प्रदेशात मोडतात, आणि २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून निघालेल्या पांढुर्णा या नव्या जिल्ह्यात ती एकत्र आली. परंतु बाजारात कान दिला तर मराठी ऐकू येते. संत्र्यांनी भरलेल्या ट्रकांच्या मागून एखादा परदेशी पाहुणा प्रथमच या रस्त्याने मोटार हाकीत निघाला, तर तो थोडा गोंधळेल, थोडा धास्तावेलही. मात्र पुढचे गाव किती दूर आहे हे त्याला दगडावर वाचता येते, आणि रात्री मुक्काम कोठे करावयाचा हे सकाळीच ठरविता येते.

साडेपाचशे वर्षांपूर्वी यांतले काहीही नव्हते. सातपुड्याचा हा पट्टा तेव्हा दोन राज्यांमधली कटकटीची सीमा होता. बैतुलजवळचा खेरल्याचा किल्ला कोणाचा, या प्रश्नावरून माळव्याचे सुलतान आणि बिदरचे बहमनी यांच्यात पुनःपुन्हा लढाया झाल्या. अखेर खेरला माळव्याकडे आणि वऱ्हाड बहमनींकडे असा समझोता झाला. म्हणजे पांढुर्ण्याहून घाट चढून वर जाणारा प्रवासी एका सत्तेतून दुसऱ्या सत्तेत पाऊल टाकीत असे. आणि नेमक्या त्याच सुमारास, बहमनी राज्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला, कोकणच्या किनाऱ्यावर एक रशियन मनुष्य एका घोड्यासह उतरला. मराठी मुलुखाच्या अंतर्भागात इतके लांब चालून ते लिहून ठेवणारा त्याच्याआधीचा युरोपीय सहसा आढळत नाही.

त्याचे नाव अफानासी निकितिन. व्होल्गाकाठच्या त्वेर नगरातला हा व्यापारी. श्रोत्यांपैकी ज्येष्ठांना १९५७ सालचा ‘परदेसी’ हा भारत आणि सोव्हिएत संघ यांनी मिळून काढलेला चित्रपट आठवत असेल. त्याचा नायक हाच. चित्रपटात त्याला एक प्रेमकथा बहाल करण्यात आली. निकितिनने स्वतः लिहिलेल्या टिपणांत प्रेमकथा नाही. तेथे आहेत ती अंतरे, भाव, जकाती, उपवासांचे चुकलेले हिशेब आणि एका घोड्याची काळजी.

घरून निघताना हिंदुस्थानात येण्याचा त्याचा विचार होता, असे दिसत नाही. शिरवानच्या वकिलाच्या तांड्याबरोबर माल घेऊन तो व्होल्गेतून खाली निघाला, आणि आस्त्राखानजवळ तातारांनी त्यांना लुटले. माल गेला, आणि त्याबरोबर त्याचे धर्मग्रंथही गेले. कर्जाचा बोजा घेऊन परत जाण्यापेक्षा पुढे जाणे बरे, असे त्याच्या मनाने घेतले असावे. कास्पियन ओलांडून, सारा इराण पालथा घालून तो होर्मुझच्या बंदराला आला. हिंदुस्थानात घोडे निपजत नाहीत आणि तेथे त्यांना मोठी किंमत येते, हे त्याच्या कानी आले होते. जवळ होते नव्हते ते त्याने एका उमद्या घोड्यात घातले. तो घोडा जुन्नरपर्यंत आणण्यास आपणास शंभर रूबल पडले, असे तो नोंदवितो. होर्मुझहून मस्कत, गुजरात, खंबायत असा प्रवास करीत त्याचे गलबत चौलला लागले. वर्ष १४६९ की १४७१, याविषयी अभ्यासकांत अद्याप एकमत नाही.

चौलला त्याला प्रथम काय दिसले? माणसे उघडी चालतात, डोकी झाकीत नाहीत, केसांची एक वेणी घालतात. आणि जेथे जावे तेथे गोऱ्या माणसाला पाहण्यास गर्दी मागे लागते! नवख्या प्रवाशाची ही नोंद मोठी प्रांजळ आहे. तो लोकांकडे पाहून थक्क झालेला असतो आणि लोक त्याच्याकडे पाहून.

चौलहून तो खुष्कीच्या मार्गाने निघाला. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या पालीपर्यंत आठ दिवस, तेथून उमरी नावाच्या गावापर्यंत दहा दिवस, आणि उमरीहून जुन्नरला आणखी सहा-सात दिवस, असा हिशेब त्याने दिला आहे. पाली म्हणजे बल्लाळेश्वराची पाली, असे सामान्यतः मानतात. उमरीचा शोध मात्र निश्चितपणे लागलेला नाही. नकाशा समोर ठेवला तर चौल ते जुन्नर हे अंतर पंचवीस दिवस लागावेत एवढे खचित नाही. परंतु सह्याद्री मध्ये आहे, घोडा बरोबर आहे, वाट विचारावी तर भाषा येत नाही, आणि हातातला घोडा हेच सारे भांडवल असल्याने त्याला दमवून चालत नाही. पायी चालणाऱ्याचे अंतर पायांत मोजावे लागते, सरळ रेषेत नव्हे.

अंतराचे एक देशी माप तो वाटेतच शिकला. त्याला तो ‘कोव’ म्हणतो आणि एक कोव म्हणजे दहा व्हर्स्ट असे सांगतो. कोसाहून हे माप बरेच मोठे असल्याने आपल्याकडील ‘गाव’ या जुन्या अंतरमापाचेच हे रूप असावे, असे वाटते. चौल ते जुन्नर वीस कोव, जुन्नर ते बिदर चाळीस कोव. व्हर्स्ट किलोमीटरपेक्षा किंचित मोठा असतो. तेव्हा दुसरा आकडा सुमारे सव्वाचारशे किलोमीटरांचा झाला. आजच्या नकाशावर जुन्नर ते बिदर हे अंतर सरळ रेषेतच सुमारे चारशे किलोमीटर भरते. ज्याच्याजवळ नकाशा नाही आणि वाटेवर मैलाचा दगड नाही, अशा माणसाने केवळ लोकांना विचारून काढलेला हा आकडा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे विचारणाऱ्याची चिकाटी आणि सांगणाऱ्यांची माहिती या दोहोंचेही कौतुक वाटते.

जुन्नरला त्याला पावसाने गाठले. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असे तो लिहितो. आणि याच दिवसांत लोक नांगरतात आणि पेरतात, याचे त्याला नवल वाटते. ज्याच्या देशात शेत बर्फाखाली निजते, त्याला हे उलटेच वाटणार. घोड्यांना येथे वाटाण्यासारखे कडधान्य चारतात, आणि साखर-तूप घालून खिचडी शिजवून घालतात, हेही त्याने टिपले आहे. शिवनेरीविषयी तर तो म्हणतो की, हा गड कोणी बांधलेला नाही, देवानेच तो घडविला आहे; चढावयास दिवस लागतो आणि वाट इतकी अरुंद, की दोन माणसे जोडीने जाऊ शकत नाहीत. मुक्कामाच्या घरी यजमानीण रांधून घालते, अंथरूण घालून देते, ही सोय त्याला विशेष वाटली.

आणि येथेच तो संकटात सापडला. जुन्नरचा सुभा महमूद गावानच्या हाताखालच्या असदखानाकडे होता. हा खान पदरी हत्ती-घोडे असूनही माणसांच्या खांद्यावरून मिरवीत असे. निकितिनचा घोडा त्याच्या नजरेत भरला आणि त्याने तो काढून घेतला. पुढे घोड्याचा धनी मुसलमान नसून रशियन आहे असे कळल्यावर त्याने अट घातली. धर्म बदललास तर घोडा परत, वर एक हजार मोहरा; न बदललास तर घोडाही गेला आणि हजार मोहरांचा दंड तुझ्या डोक्यावर. मुदत चार दिवसांची.

त्या चार दिवसांचे वर्णन तो लांबवीत नाही. ऑगस्टातील उपवासांचा काळ होता. जवळ धर्मग्रंथ नव्हता. ज्याच्याशी स्वतःच्या भाषेत बोलावे असा एकही माणूस शेकडो योजने नव्हता. घोडा गेला तर परतीची वाट बंद, आणि धर्म सोडला तर परत जाऊन करावयाचे काय? मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी महंमद नावाचा एक खुरासानी गृहस्थ आला. निकितिनने त्याला गळ घातली. तो खानाकडे गेला, रदबदली केली आणि घोडा सोडवून आणला. निकितिन हा देवाचा चमत्कार मानतो. पण त्या गृहस्थाचे नाव नोंदविण्यास तो विसरत नाही. स्वतः परका, इस्लामचा अनुयायी, आणि तरी एका अनोळखी ख्रिस्ती व्यापाऱ्यासाठी खानापुढे उभा राहिलेला हा महंमद इतिहासात या एका प्रसंगापुरताच येतो.

यानंतरचे निकितिनचे उद्गार कडवट आहेत. हिंदुस्थानात आपल्या देशासाठी पुष्कळ माल आहे असे सांगून लोकांनी आपणास फसविले. मिरी आणि रंग स्वस्त खरे, पण जकाती जबर आणि समुद्रात चाचे. ज्याला इकडे यावयाचे असेल त्याने आपला धर्म घरी ठेवूनच निघावे, असा उपहासही तो करतो. ऑगस्टच्या मध्यास, म्हणजे ऐन पावसाळ्यात, ज्या दिवसांत देशावरचा शेतकरी गाडी जुंपावयास धजत नाही त्या दिवसांत, त्याने जुन्नर सोडले. महिनाभर चालून तो बिदरला पोचला. वाटेवर रोज तीन-चार गावे लागत, अशी त्याची नोंद आहे; म्हणजे मुलूख ओसाड खासच नव्हता.

बिदर पाहून तो दिपला, पण भुलला नाही. सरदार चांदीच्या पालख्यांतून फिरतात, पुढे सोन्याच्या साजाचे घोडे चालतात. खेड्यातला माणूस मात्र अत्यंत दरिद्री, हे त्याने एका दमात लिहिले आहे. दरबारी इतिहासकारांनी हे दुसरे वाक्य लिहिले नसते. घोडा त्याने अखेर येथेच विकला.

आणि मग एक निराळीच गोष्ट घडली. या मुलुखात तो ख्वाजा यूसुफ खुरासानी या नावाने वावरत होता. बिदरला अनेक हिंदू मंडळींशी त्याचा परिचय झाल्यावर त्याने त्यांना आपला खरा धर्म आणि खरे नाव सांगून टाकले. तेव्हापासून, तो म्हणतो, त्यांनी आपल्यापासून काहीही लपविले नाही. जेवण, व्यापार, पूजा, घरची बायकामाणसे, सारे मोकळे झाले. श्रद्धा चौऱ्याऐंशी आणि कोणी कोणाच्या हातचे खात नाही, ही माहिती त्याला याच ओळखींतून मिळाली. त्यांच्याच सोबतीने तो शिवरात्रीच्या यात्रेला श्रीशैलास गेला आणि त्या स्थानाची तुलना त्याने जेरुसलेमशी केली. जुन्नरला ज्या धर्मापायी जीव टांगणीला लागला होता, तोच उघड केल्यावर बिदरला घरांची दारे उघडली, हा त्याच्या प्रवासाचा सर्वांत विलक्षण भाग आहे. इतके असूनही त्याची उदासी गेली नाही. ईस्टर कधी आला आणि कधी गेला याचा नक्की हिशेब राहिला नाही, हे शल्य टिपणांत वारंवार येते. अन्य भाषांतले शब्द त्याच्या प्रार्थनेत मिसळत जातात.

शेवटी तो दाभोळला उतरला आणि होर्मुझच्या गलबतावर जागा मिळवून त्याने किनारा सोडला. वादळाने त्याला आफ्रिकेच्या किनाऱ्याला नेऊन टाकले. तेथून मस्कत, होर्मुझ, तब्रीज, त्रेबिझोंद आणि काळा समुद्र ओलांडून काफा. त्वेर त्याला पुन्हा दिसले नाही. स्मोलेन्स्कला पोचण्यापूर्वीच त्याचा अंत झाला. त्याच्या हातच्या वह्या काही व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेऊन महाराजाचा चिटणीस वासिली मामिरेव याच्या स्वाधीन केल्या. त्यांची नक्कल एका बखरीत राहिली आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार करामझिन याला ती एका मठाच्या ग्रंथसंग्रहात सापडली. त्वेरमध्ये १९५५ साली त्याचा पुतळा उभा राहिला. चौलला लागून असलेल्या रेवदंड्यात २००२ साली त्याच्या नावाचा स्तंभ उभारण्यात आला. जुन्नरच्या महंमद खुरासानीचे स्मारक कोठे ऐकिवात नाही.