स्विच-पोर्टचे बँडविड्थ-मापन

स्विच-पोर्टचे बँडविड्थ-मापन : नेटवर्क स्विचच्या एखाद्या पोर्टमधून ठरावीक काळात सरासरी किती वेगाने डेटा आला व गेला, हे काढण्याची पद्धत. उत्तर बिट प्रतिसेकंद या एककात देतात. देखरेख करणाऱ्या सॉफ्टवेअरला हा वेग बहुधा तयार मिळत नाही. त्याला मिळतात पोर्टवरील बाइट-काउंटरची वाचने. दोन वाचनांतील फरकाला ८ ने गुणून मधल्या सेकंदांनी भागले, की वेग निघतो. त्यामुळे आकडा चुकतो तो या भागाकाराच्या अंशात, छेदात किंवा आलेल्या सरासरीचा अर्थ लावताना.

पार्श्वभूमी : उपकरणाकडून अशी वाचने मागवण्यासाठी एसएनएमपी हा प्रोटोकॉल रूढ आहे. त्याची पहिली आवृत्ती १९८८ मध्ये आली आणि १९९० मध्ये आरएफसी ११५७ या दस्तऐवजात स्थिरावली. १९९१ च्या आरएफसी १२१३ ने प्रत्येक पोर्टसाठी आलेल्या व गेलेल्या बाइट्सचे ३२ बिटी काउंटर ठरवून दिले. त्यांचे आलेख काढण्याची पद्धत १९९० च्या दशकात टोबियास ओटिकर यांच्या एमआरटीजी या सॉफ्टवेअरने जगभर पोचवली. दर पाच मिनिटांनी वाचन घेण्याची त्यातील रीत आजही अनेक ठिकाणी चालू आहे. पुढे १९९९ मध्ये ओटिकर यांनीच अशा नोंदी साठवण्याचे आरआरडीटूल हे साधन तयार केले.

काउंटरची मर्यादा : ३२ बिटी काउंटर ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत मोजतो आणि पुन्हा शून्यावर येतो. पोर्ट पूर्ण वेगाने भरून वाहत असेल, तर हा फेरा १० मेगाबिटवर सुमारे ५७ मिनिटांत, १०० मेगाबिटवर पावणेसहा मिनिटांत आणि १ गिगाबिटवर ३४ सेकंदांत पुरा होतो. दोन वाचनांच्या मध्ये एकच फेरा झाला, तर सॉफ्टवेअर तो ओळखून हिशेब सुधारते. एकाहून अधिक फेरे मात्र कळायला मार्ग नसतो. पाच मिनिटांच्या अंतराने ३२ बिटी काउंटर वाचल्यास सुमारे ११४.५ मेगाबिटच्या वरचा कोणताही वेग दिसूच शकत नाही. पूर्ण भरलेला गिगाबिट पोर्ट या पद्धतीत जेमतेम ८४ मेगाबिटचा दिसतो, कारण आठ पूर्ण फेरे हिशेबातून गळतात. गिगाबिट पोर्टचा आलेख शंभराच्या आसपास अडखळत असेल, तर पहिला संशय येथे घ्यावा.

यावर उपाय म्हणजे ६४ बिटी काउंटर. त्यांच्या नावांत ‘एचसी’ ही अक्षरे असतात. आरएफसी २८६३ नुसार २० मेगाबिटहून वेगवान पोर्टना बाइट्ससाठी ६४ बिटी काउंटर आवश्यक आहे. १०० गिगाबिटच्या पोर्टवरही त्याचा फेरा पुरा व्हायला चाळीसहून अधिक वर्षे लागतात. मात्र एसएनएमपीची आवृत्ती १ असे ६४ बिटी काउंटर वाहूच शकत नाही. २सी किंवा ३ लागते. पोर्टचा जाहीर वेगही ‘इफस्पीड’ ऐवजी ‘इफहायस्पीड’मधून घ्यावा. पहिल्याची कमाल सुमारे ४.२९ गिगाबिट असल्याने १० गिगाबिट पोर्टच्या वापराची टक्केवारी त्यावरून चुकते.

स्विच रीबूट झाल्यास काउंटर शून्यापासून सुरू होतो. सॉफ्टवेअरने त्यालाच फेरा मानले, तर आलेखावर अशक्यप्राय उंचीचा सुळका उभा राहतो. म्हणून ‘सिसअपटाइम’ (उपकरण सुरू झाल्यापासूनचा काळ) किंवा काउंटर खंडित झाल्याची वेळ तपासून असा नमुना टाकून द्यावा आणि पोर्टच्या वेगाहून मोठे मूल्य स्वीकारू नये. रीबूटनंतर काही स्विचवर पोर्टचे अनुक्रमांक बदलतात व एका पोर्टचा आलेख दुसऱ्याच्या नावावर चढतो. हे टाळण्यासाठी पोर्ट नावावरून ओळखावा.

काळाचे मोजमाप : छेदात ठरवलेले अंतर घालू नये, प्रत्यक्ष गेलेला वेळ घालावा. ३०० सेकंद गृहीत धरले आणि उत्तर ३०७ सेकंदांनी आले, तर वेग सुमारे २.३ टक्क्यांनी फुगतो. १० सेकंदांच्या अंतरात एका सेकंदाची चूक दहा टक्क्यांची होते. काउंटरसोबत एकाच विनंतीत ‘सिसअपटाइम’ मागवल्यास नेटवर्कमधील विलंबाचा परिणाम बराच कमी होतो. अंतर फार कमी करण्यालाही मर्यादा आहे. अनेक स्विच हार्डवेअरमधील आकडे काही सेकंदांच्या टप्प्यांनी वर पोचवतात. त्याहून वेगाने विचारल्यास एकदा शून्य, एकदा दुप्पट असे खोटे चढउतार दिसतात.

सरासरीचा अर्थ : गिगाबिट पोर्ट १५ सेकंद पूर्ण भरून उरलेला वेळ रिकामा राहिला, तर पाच मिनिटांची सरासरी ५० मेगाबिट येते. त्या १५ सेकंदांत पॅकेट गळाली असली, तरी वापर ५ टक्केच दिसतो. म्हणून टाकून दिलेल्या पॅकेटांचा काउंटर शेजारी ठेवून वाचावा. जुन्या नोंदी साठवताना सॉफ्टवेअर सरासरीचीही सरासरी काढते व शिखरे बुटकी होतात; कमाल मूल्ये वेगळी जपावीत. ९५ व्या शतमकावर बिल आकारताना ३० दिवसांचे ८,६४० नमुने घेऊन सर्वांत मोठे ४३२ वगळतात. तेथे नमुन्याचे अंतर बदलले, की बिलही बदलू शकते.

पूर्ण-डुप्लेक्स, म्हणजे एकाच वेळी दोन्ही दिशांनी चालणाऱ्या, पोर्टवर आवक व जावक वेगळ्या पाहाव्यात. गिगाबिट पोर्टवर दोहोंची बेरीज २ गिगाबिटपर्यंत जाऊ शकते. एकत्र जोडलेल्या पोर्टचा समूह आणि त्यातील घटक पोर्ट दोन्ही मोजल्यास तोच ट्रॅफिक दोनदा धरला जातो.

पडताळणी : दोन संगणकांमध्ये आयपर्फसारख्या साधनाने पोर्ट भरून आलेखाशी ताडून पाहता येते. दोन्ही आकडे जुळणार नाहीत, आणि ते जुळूही नयेत. इथरनेटच्या काउंटरमध्ये फ्रेमचे शीर्ष व तपासणी-बाइट्स धरतात. फ्रेमपूर्वीचे ८ बाइट व दोन फ्रेममधील १२ बाइटांचे अंतर धरत नाहीत. आयपर्फ केवळ आतील डेटा मोजतो. त्यामुळे १,५१८ बाइटांच्या फ्रेमनी भरलेला गिगाबिट पोर्ट स्विचवर सुमारे ९८७ मेगाबिट दाखवतो, तर टीसीपीवरील आयपर्फ, टाइमस्टॅम्प चालू असताना, सुमारे ९४१. ६४ बाइटांच्या फ्रेम असतील, तर पूर्ण भरलेल्या पोर्टचा काउंटरही ७६२ मेगाबिटच्या पुढे जात नाही. लहान पॅकेटांचा भरणा असलेल्या पोर्टची क्षमता केवळ या आकड्यावरून शिल्लक धरू नये. सेकंदाला किती पॅकेट गेली, तेही मोजावे.