फेब्रुवारी १९४७ : थंडी, कोळसा आणि एक घोषणा

२० फेब्रुवारी १९४७ ही तारीख आपण शाळेत पाठ केलेली असते. जून १९४८ च्या आत हिंदुस्थानातली सत्ता सोडू, असं पंतप्रधान ॲटलींनी ब्रिटिश संसदेत जाहीर केलं तो दिवस. परीक्षेत एक मार्क! पण त्या महिन्यात इंग्लंडात हवा कशी होती, हे काही आपल्या पुस्तकात नसतं. ते थोडं पाहूया.

मध्य इंग्लंडच्या दर महिन्याच्या सरासरी तापमानाची १६५९ पासूनची सलग मालिका उपलब्ध आहे. गॉर्डन मॅन्ली या अभ्यासकाने जुन्या नोंदी जुळवून ती तयार केली. तिथला फेब्रुवारी एरवी ४ अंश सेल्सियसच्या आसपास असतो. १९४७ चा भरला उणे १.९. साडेतीन शतकांहून मोठ्या या मालिकेत इतका थंड फेब्रुवारी दुसरा नाही. २५ तारखेला वोबर्न इथे पारा उणे २१ पर्यंत उतरला.

हे सगळं केलं वाऱ्याने. एरवी तिथे अटलांटिकवरून उबदार पश्चिमवारा येतो. त्या महिन्यात उत्तरेला उच्च दाबाचा पट्टा ठाण मांडून बसला आणि पूर्वेकडून गोठवणारा वारा वाहत राहिला. उत्तर समुद्रावरून येताना तो ढग आणि बर्फ घेऊन यायचा. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत २ ते २२ फेब्रुवारी सूर्यदर्शनच नाही! आणि गंमत बघा, डोंगरांच्या आडोशाला असलेल्या पश्चिम स्कॉटलंडात मात्र स्वच्छ ऊन होतं आणि पाऊस जवळजवळ नव्हताच. नेहमी भिजणारा भाग कोरडा, असा सगळा उलटा कारभार.

थंडी एकटी आली असती तर निभावलं असतं. पण कोळशाचा साठा आधीच अपुरा होता. खाणी १ जानेवारीला सरकारच्या ताब्यात आल्या होत्या. जो कोळसा होता त्याच्या वाघिणी बर्फात अडकल्या, जहाजं बंदरात अडकली. ७ फेब्रुवारीला इंधनमंत्री शिनवेल यांनी वीजकपात जाहीर केली. कारखाने बंद पडले, घरांची वीज दिवसाचे पाच तास बंद, वीस लाखांवर माणसं तात्पुरती बेकार. महायुद्ध जिंकलेला देश मेणबत्त्या लावून बसला. त्यातच २० तारखेची घोषणा झाली. दुसऱ्याच दिवशी, ग्रीस आणि तुर्कस्तानला यापुढे मदत देणं जमणार नाही, असं ब्रिटनने अमेरिकेला कळवलं.

मग काय, थंडीने आपल्याला स्वातंत्र्य दिलं? असं म्हणायचा मोह होतो. आपल्यालाही "संक्रांत कोसळली" म्हणून मोकळं व्हायची सवय आहेच. पण तारखा नीट लावल्या की हा मोह टिकत नाही. मुंबईतला नाविकांचा उठाव झाला फेब्रुवारी १९४६ मध्ये, बर्फाच्या एक वर्ष आधी. आझाद हिंद सेनेचे खटले त्याच्याही आधी सुरू झाले होते. माउंटबॅटन यांना व्हाइसरॉयपदाबद्दल विचारणा झाली ती डिसेंबर १९४६ मध्ये. म्हणजे लंडनमध्ये बर्फ साचायच्या आधीच निर्णय त्या दिशेने निघाला होता.

मग त्या थंडीचं महत्त्व काय? साम्राज्य चालवायला पैसा, माणसं आणि कोळसा लागतो, आणि यातलं काहीच पुरेसं उरलेलं नाही, हे त्या महिन्यात इंग्लंडातल्या सामान्य माणसाला स्वतःच्या स्वयंपाकघरात कळलं. कर्ज तर आधीपासूनच होतं. थंडीने ते घरोघरी दाखवलं, इतकंच. त्यापलीकडचं श्रेय तिला दिलं, तर ते मुंबईच्या रस्त्यावर गोळ्या झेललेल्यांच्या खात्यातून काढून द्यावं लागेल.

मार्चच्या मध्यावर वारा फिरला, पाऊस आला, बर्फ वितळलं. जमीन अजून गोठलेलीच असल्याने पाणी मुरेना, आणि इंग्लंडात मोठे पूर आले. त्याच महिन्यात, २२ तारखेला, माउंटबॅटन दिल्लीत उतरले.