स्वतंत्र कंत्राटदार

ठराविक काम ठरलेल्या मोबदल्यात, आपल्या पद्धतीने, पुरे करून देण्याचा करार करणारी व्यक्ती. भारतीय कायद्यात अशा मक्तेदाराला कामगाराचे हक्क सामान्यतः लाभत नाहीत. म्हणूनच करारनाम्यात 'कंत्राटदार' हा शब्द घालून जबाबदारीतून मोकळे होण्याचा मोह व्यावसायिकास पडतो. परंतु न्यायालय दस्तऐवजातील नाव न पाहता प्रत्यक्ष व्यवहार पाहते.

ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात (१९५६) मिठागरांतील अगरिया (मीठ पिकविणारे) मणाच्या दराने मजुरी घेत, कामाच्या वेळा स्वतः ठरवीत, हाताखाली मजूरही ठेवीत. तरीही मीठ तयार होण्याच्या प्रत्येक अवस्थेवर मालकाची देखरेख होती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामगार ठरविले. महाराष्ट्रातील विडीधंद्याने तर ही सीमारेषा किती सूक्ष्म आहे हे दाखवून दिले. नागपूरच्या कारखान्यात विड्या वळणाऱ्यास घरी काम करण्याची मुभा नव्हती आणि दुपारनंतर आल्यास त्या दिवसाची मजुरी बुडे. तो कामगार ठरला (१९६०). सिन्नरचा विडीवळ्या मात्र मर्जीप्रमाणे येई-जाई, म्हणून कारखाना कायद्याखालील भरपगारी रजेचा त्याचा हक्क नाकारला गेला (१९६१). तंबाखूच्या त्याच धुळीत बसणाऱ्या दोघांच्या नशिबी आलेला हा भेद अन्यायकारक होता, आणि १९६६ च्या विडी व सिगार कामगार अधिनियमाने घरी विड्या वळणाऱ्यांनाही संरक्षणाच्या कक्षेत घेतले, हे उचितच झाले.

पुढे शिंप्यांच्या खटल्यात (१९७३) यंत्रे दुकानदाराची असणे व सदोष शिलाई नाकारण्याचा अधिकार त्याच्याकडे असणे, यांसही न्यायालयाने महत्त्व दिले.