दुसऱ्या टोकाचा कूपर

जुने धावफलक वाचण्याचा मला नाद आहे. पहिल्या कसोटी सामन्याचा धावफलक समोर आला की बहुतेकांची नजर चार्ल्स बॅनरमनच्या १६५ धावांवर खिळते. माझी नजर चार ओळी खाली सरकते : बी. बी. कूपर, त्रिफळा साउदर्टन, १५.

हा ब्रॅन्सबी कूपर जन्मला आपल्या हिंदुस्थानात, १५ मार्च १८४४ रोजी, एका इंग्रज घरात. शिकला इंग्लंडमधल्या रग्बी शाळेत. पुढे तो मिडलसेक्स आणि केंट या परगण्यांकडून खेळला. १८६९ मध्ये ओव्हलवर त्याने डब्ल्यू. जी. ग्रेसबरोबर २८३ धावांची सलामी दिली. ग्रेसच्या १८०, कूपरच्या १०१. तो विक्रम २३ वर्षे टिकला. पण नाव झाले ते ग्रेसचे!

कूपर हौशी खेळाडू. खेळावर पोट चालायचे नाही. तो ऑस्ट्रेलियात गेला, व्हिक्टोरियाच्या कस्टम्स खात्यात चिकटला आणि नोकरी सांभाळून खेळत राहिला.

१५ मार्च १८७७ रोजी मेलबर्नला तो मैदानात उतरला. त्या दिवशी त्याचा तेहतिसावा वाढदिवस होता. ३ बाद ४१ अशी अवस्था होती. त्याने बॅनरमनला साथ दिली आणि धावसंख्या ११८ वर नेली. ७७ धावांची ती भागीदारी कसोटीतली पहिली अर्धशतकी भागीदारी. ऑस्ट्रेलियाने सामना जिंकला तो अवघ्या ४५ धावांनी. एवढा हिशेब मांडला, की कूपरच्या त्या १५ धावांचे मोल कळते.

गंमत अशी, की ऑस्ट्रेलिया हे राष्ट्र तेव्हा अस्तित्वातच नव्हते. ते झाले १९०१ मध्ये. संघातले बॅनरमन, मिडविंटर आणि केंडॉल इंग्लंडमध्ये जन्मलेले, होरान आयर्लंडमध्ये आणि कूपर हिंदुस्थानात. जन्म कुठला, यापेक्षा आज कुणासाठी खेळतोस, एवढेच त्या संघाने विचारले.

कूपर त्यानंतर कसोटी खेळला नाही. ७ ऑगस्ट १९१४ रोजी जिलाँगला तो वारला. महायुद्धाची ठिणगी नुकतीच पडली होती; एका जुन्या फलंदाजाची आठवण कोण काढणार?

आपला देश पहिली कसोटी खेळला १९३२ मध्ये. पण त्याच्या ५५ वर्षे आधी, कसोटीच्या अगदी पहिल्या दिवशी, या मातीत जन्मलेला एक सरकारी नोकर खेळपट्टीवर होता. शतकवीरांना आपण लक्षात ठेवतोच. दुसरे टोक धरून उभ्या राहिलेल्या माणसालाही कधीतरी आठवावे, एवढेच माझे म्हणणे.